आता तुमी म्हणा, कधी?

मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. वाटायचा कशाला, अजूनही वाटतो. लोक शेजारणीच्या बंगल्याचा हेवा करतात, जावेच्या बढतीचा करतात. मी केला म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या एका साठीच्या शिंप्याचा, आणि तोही त्यांच्या पोर्तुगीजचा.

हे नीट सांगायला हवं. मी पुण्याची. लग्नाआधी हौसेने पोर्तुगीजचा दोन वर्षांचा डिप्लोमा केला, पहिल्या वर्गात पास झाले, प्रमाणपत्राला फ्रेम करून घेतली. नवऱ्याच्या नोकरीपायी चौदा वर्षांपूर्वी आम्ही म्हैसूरला आलो आणि ती फ्रेम गोकुलमच्या भाड्याच्या घरात टांगली गेली. गोकुलममध्ये योग शिकायला जगभरची माणसं येतात, त्यांत ब्राझीलची पुष्कळ. निम्म्यांचं इंग्रजी यथातथाच. दातांचा डॉक्टर, तेल लावणारे वैद्य, घरमालक, विमानतळाची गाडी, या सगळ्यांच्या वेळा ठरवून देणं आणि आदल्या दिवशी त्या पक्क्या करणं, हे काम मी सुरू केलं. अख्ख्या शहरात पोर्तुगीज बोलणारी मराठी बाई मी एकटी. नवरा पाहुण्यांना तसं सांगायचा आणि मी लाजल्यासारखं करायचे.

मग एक दिवस माझ्याकडची एक ब्राझिलियन मुलगी नवी सुती विजार घालून आली. म्हणाली, "इथल्या शिंप्याने शिवली. तो पोर्तुगीज बोलतो!"

मी हसले. "नमस्कार-चमत्कार येत असतील," म्हटलं.

"नाही गं, तो आमच्यासारखं बोलतो," ती म्हणाली, आणि वर मला समजावल्यासारखं पुढे म्हणाली, "तुझं पोर्तुगीज फार सुंदर आहे. पण ऐकताना लिस्बनचा वकील बोलतोय असं वाटतं."

दुसऱ्याच दिवशी मी कपाटातला एक ब्लाउजपीस काढला आणि लष्कर मोहल्ला गाठला.

पत्र्याच्या पेट्या ठोकणारा आणि सायकलवाला यांच्या मधोमध त्यांचं दुकान होतं. दोन मशिनं, एक कापायचं टेबल, एक लाकडी कपाट. भिंतीवर घड्याळ नाही, मनगटावरही नाही. गळ्यात टेप टाकलेला हा बारीक माणूस मला बघून उठला. "बन्नि मेडम, बन्नि. बसा." मी मराठीत बोलले तशी त्यांची कळी खुलली. "अय्यो, तुमी मराठी काय! पहिलंच सांगायचं की. आमी बी मराठीच. पाच पिढ्या झाल्या इकडं येऊन. घरात मराठी, पायरी उतरली की कन्नड. आमचं मिक्स आहे हं, तुमचं कसं टीव्हीसारखं." त्या मिनिटापासून मी मेडमची अक्का झाले. वयाने मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण ते अक्काच म्हणायचे.

माप झालं. मी म्हटलं, "शुक्रवारी सहाला येते."

"सरि. आता तुमी म्हणा, कधी?"

"आत्ताच तर सांगितलं."

"तरी म्हणा की."

शाळेत उभं केल्यासारखं मी म्हटलं, "शुक्रवार. संध्याकाळी सहा." तेव्हा कुठे त्यांनी खिशातला खडू काढला, कापडाची उलटी बाजू वर केली आणि तिच्यावर कन्नड अक्षरांत काहीतरी लिहिलं. "आयतु," म्हणाले. झालं. ठरलेली वेळ ते असे कापडावरच लिहीत, आणि माल देताना ब्रशने झाडून पुसून टाकत. वेळ पाळली गेली, मग तिचं काम संपलं, असं त्यांचं म्हणणं.

एवढ्यात एक ताडमाड ब्राझिलियन आत आला. मी कान टवकारले.

"बों जिया!" शिंपी म्हणाले. बरोब्बर ब्राझीलचं. मी दोन वर्षं 'बों दिया' घोकलेली. पुढे ऐकलं तर काय, वाक्य म्हणून नाही! "काल्सा प्रोंतु. वोसे फाला. कांदु?" पँट तयार, तू बोल, कधी? त्या बाप्याने सांगितलं: किंता, आस देस. गुरुवार, दहा वाजता. "देस मान्यां? देस नोइती?" सकाळचे की रात्रीचे? तो हसत म्हणाला, सकाळचे. "कोंफिर्मादु!" म्हणत यांनी खडू चालवला. त्या बाप्याने वाकून त्यांना मिठी मारली. मला आजवर कुणी मिठी मारलेली नव्हती. मी तर 'गुरुवारी सकाळी दहा वाजता निश्चित केलेल्या आपल्या भेटीची खातरजमा करू इच्छिते' हे सगळं एका दमात, एकही चूक न करता म्हणते.

"एवढं कुठे शिकलात?" मी विचारलं. आवाज जमेल तेवढा गोड ठेवला.

"शिकलों कुठं, अक्का! मला येतंच काय? बाकी काय बी बोलले तर गोत्तिल्ला, कळत नाही." ते टेप गुंडाळत म्हणाले. "मापाला भाषा लागत नाही, टेपच बोलते. टाइमाला मात्र भाषा पाहिजे. अष्टे, एवढंच."

मग त्यांनी कपाटाचं दार उघडून दाखवलं. दाराच्या आतल्या बाजूवर खडूने वरपासून खालपर्यंत शब्द लिहिलेले. सगळे पोर्तुगीज, सगळे कन्नड लिपीत. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडून ते वेळेचा एक शब्द मागून घेत. माझी कन्नड अक्षरओळख तेव्हा बसच्या पाटीपुरती होती. म्हणजे ज्या भाषेचं प्रमाणपत्र माझ्या भिंतीवर होतं, ती माझ्यासमोर लिहिलेली होती आणि मला वाचता येत नव्हती. मी "छान, छान" म्हणाले आणि घरी येऊन नवऱ्यावर विनाकारण खेकसले.

पुढच्या चार वर्षांत मी गरज नसताना अकरा ब्लाउज शिवून घेतले. इतकी जळतेस तर मग जातेस कशाला, असं नवरा विचारायचा. पण ज्याचा हेवा वाटतो त्याच्याकडे गेल्याशिवाय राहवतही नाही, हे त्याला कसं समजावणार? शिवाय ब्लाउज बसायचे छान.

दुकानात एका शब्दाला बंदी होती: 'उद्या'. मराठीत नाही, कन्नडमध्ये नाही, कुठल्याच भाषेत नाही. चुकून कुणी बोललं तर ते कात्री खाली ठेवत आणि वार सांगितल्याशिवाय उचलत नसत. पोर्तुगीजमधला 'उद्या'चा शब्द एका मुलीने त्यांना मोठ्या प्रेमाने शिकवायला घेतला, तर यांनी कानांवर हात ठेवले. "तो सोडून दुसरा सांग."

याचं कारण त्यांचे वडील. ते उत्तम कारागीर, पण वेळेच्या नावाने आनंद. आलेल्या प्रत्येकाला 'उद्या या' सांगायचे. इकडे पूर्वी भूत परत जावं म्हणून लोक दारावर 'नाळे बा' लिहीत, म्हणजे उद्या ये; भूत ते वाचून रोज परत जायचं. तर मोहल्ल्यातल्या कुणीतरी त्यांच्या दुकानाच्या फळीवर मोठ्या अक्षरांत 'नाळे बा' लिहून ठेवलं. वडिलांनी ते पुसलंही नाही, हसण्यावारी नेलं. "लोक आमच्या पप्पांना नाळे बा म्हणूनच हाक मारायचे, अक्का. ते गेले तवा बी एक जण म्हणाला, नाळे बा गेला." हे सांगताना ते मशिनकडे बघत होते. मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर, वाईट वाटतानाही मी मनात म्हणत होते, बरं झालं, यांच्यात काहीतरी खोट निघाली.

एकादशीला ते सकाळी विठ्ठल मंदिरात भजनाला जात आणि दुकान बाराला उघडत. एकदा म्हणाले, "विठोबा बघा, विटेवर उभा तो उभाच. का? त्याला कुणी टाइमच दिला नाही. देवाचं ठीक आहे, माणसांना तसं थांबवू नये."

ब्राझीलच्या लोकांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'सेउ ओरा', म्हणजे वेळसाहेब. आदल्या दिवशी सहाला ते प्रत्येकाला फोनवर बोलून निरोप पाठवत. वार, तास आणि "वोसे फाला". तू बोल. लोक ते निरोप एकमेकांना ऐकवत, ब्राझीलला आईला पाठवत. माझे निरोप कुणी आईला पाठवल्याचं ऐकिवात नाही. बरं, ही माणसं वेळेच्या बाबतीत अघळपघळ. माझ्या दातांच्या डॉक्टरकडे दहा मिनिटांच्या अंतरावरून अर्धा तास उशिरा येणार, नाहीतर येणारच नाहीत. डॉक्टर मला फोनवर ऐकवणार. आणि हीच माणसं सेउ ओराच्या दारात पाच मिनिटं आधी हजर.

एका दसऱ्याला बन्नीमंटपच्या मशाल-कवायतीचे पास मी खटपट करून मिळवले. जाणारे दहा जण. सगळ्यांना पाचला कोपऱ्यावर जमायला सांगितलं, दोनदा खातरजमा केली. सगळे "सीं, सीं", म्हणजे हो हो, म्हणाले. पाचला चौघं उगवले. आणि त्यांच्यातल्या एकीने सहज सांगितलं की उरलेले सहा जण सेउ ओराबरोबर आहेत, ते केव्हाच बन्नीमंटपच्या फाटकाशी पोचलेत. सेउ ओरा त्या सहा जणांना शिवलेले कपडे द्यायला गेले होते, तेव्हा त्यांनी विचारलं, कवायतीला कधी जाणार, तुमी बोला. आणि मग स्वतःच घेऊन गेले. सगळी संध्याकाळ घोडेस्वार मशाली फिरवत होते आणि मी त्यांच्याकडे बघतच नव्हते. मी पुढच्या रांगेतल्या त्या बारीक मानेकडे बघत होते.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती मी कुणाला सांगितलेली नाही, नवऱ्यालाही नाही.

माझं निम्म्याहून अधिक काम एका बाईंमुळे होतं. दोना लुसिया. दर हिवाळ्यात त्या ब्राझीलहून वीस जणांचा गट घेऊन दोन महिने यायच्या आणि त्या वीस जणांच्या सगळ्या वेळा माझ्याकडे असायच्या. तीन वर्षांपूर्वी त्या आल्या आणि कॉफी पिता पिता म्हणाल्या, "तू मन लावून करतेस, पण माझी माणसं तुझ्या वेळा पाळत नाहीत. सेउ ओराच्या पाळतात. पुढच्या वर्षीपासून त्यालाच हे काम दिलं तर? जायच्या आधी त्याच्याशी बोलेन म्हणते." त्या अगदी सरळ मनाने बोलल्या. मी त्यांच्या कपात आणखी कॉफी ओतली.

गटाच्या निरोपाच्या पूजेसाठी वीस पांढरे सदरे सेउ ओरांकडे शिवायला टाकले होते. सगळ्यांची ट्रायल गेस्ट हाउसच्या अंगणात, गुरुवारी दहाला. तिथेच दोना लुसिया त्यांच्याशी बोलणार होत्या. सोमवारी त्या मला म्हणाल्या, "गुरुवारी आम्ही सहलीला जातोय. ट्रायल बुधवारी चारला घेऊ. मी सगळ्यांना सांगितलंय, सेउ ओराला तेवढं तू कळव."

मी म्हटलं, हो.

आणि कळवलं नाही.

विसरले असं मी नंतर स्वतःलाच सांगून पाहिलं. पण मी विसरले नव्हते. माझा हिशेब पक्का होता. ऑर्डर एकत्र, म्हणून त्यांचा निरोप एकट्या दोना लुसियाला जाणार, आणि तो गुरुवारच्या आदल्या दिवशी, बुधवारी सहाला. तोवर चार वाजून गेलेले असणार. वीस माणसं अंगणात ताटकळतील आणि वेळसाहेबांचा पत्ता नसेल. एकदाच. मला एकदाच हवं होतं ते. सोमवारी रात्री मला झोप लागली नाही. मंगळवारी मी दोनदा फोन हातात घेतला, त्यांचा नंबर काढला आणि भाजी निवडायला बसले.

बुधवारी पावणेचारला मी अंगणात खुर्च्या मांडत होते. फाटकापाशी त्यांची स्कूटर वाजली. मागे चादरीत बांधलेलं सदऱ्यांचं गाठोडं.

काय झालं होतं? मंगळवारी गटातला एक जण बटण लावून घ्यायला दुकानात गेला होता. यांनी सवयीने त्याला विचारलं, ट्रायल कधी, तू बोल. गुरुवारी दहाला ना, असं विचारलं असतं तर तोही माझ्या गिऱ्हाइकांसारखा सीं, सीं म्हणून निघून गेला असता. पण आपण वेळ सांगायचीच नाही, समोरच्याकडून वदवून घ्यायची, ही त्यांची रीत. तो म्हणाला, बुधवार, चार. यांनी बसून वीस सदऱ्यांचे टाके घातले, बुधवारी दुपारचं जेवण सोडलं, आणि आले. त्या रीतीला मी चार वर्षं पोरकटपणा समजत होते.

दोना लुसिया खूश. मला हाताशी धरून त्यांना म्हणाल्या, "म्हणजे वेळ बदलल्याचं हिने सांगितलं तर तुला!"

त्यांना पोर्तुगीज किती कळायचं, कुणास ठाऊक. पण तेवढं कळलं. कुणी सांगायचं होतं, हेही त्याच क्षणी कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडात टाचण्या होत्या, त्या काढून हातात घेतल्या.

"एला फालो," ते म्हणाले. तिने सांगितलं. आणि वर, "एला कोंफिर्मो." तिने पक्कं केलं.

नंतर दोना लुसियांनी त्यांना ते वेळांचं काम विचारलं. मी दोन पावलांवर उभी होते. त्यांना अर्धंमुर्धं समजलं असावं, पण उत्तर लगेच दिलं, स्वतःकडे बोट करून आणि मग माझ्याकडे. मी कपडे, ही वेळ. त्यांच्या पोर्तुगीजमध्ये ते वाक्यही अडाणीच होतं. आणि माझं काम वाचलं.

मला कृतज्ञता वाटायला हवी होती. वाटली, नाही असं नाही. पण त्याआधी वाटलं ते हे, की हेही यांनीच जिंकावं? मी माझा डिप्लोमा घेऊन इतकी हलकी, आणि हा माणूस चार शब्दांत इतका मोठा! त्या दिवसाइतका हेवा मला कधी वाटला नव्हता.

शुक्रवारी सहाला माझा बारावा ब्लाउज तयार होता. मी काहीतरी बोलायचं ठरवून गेले होते. "अण्णा, परवा—" म्हटलं, तर ते म्हणाले, "बाही बघा अक्का, बरोबर आली की नाही." आणि पिशवी हातात दिली. घरी येऊन मी ब्लाउज उलटा करून पाहिला. शुक्रवारची माझी वेळ नेहमीसारखी पुसलेली होती. पण काखेच्या शिवणीजवळ अस्तरावर खडूने लिहिलेली कन्नड अक्षरांची दोन पुंजकी तशीच होती, ठळक, ब्रश न लागलेली. मुलीच्या शाळेचं कन्नडचं पुस्तक घेऊन मी एकेक अक्षर लावत बसले. क्वार्ता. क्वात्रु.

बुधवार, चार.

तो ब्लाउज मी घातला नाही, धुतलाही नाही. कपाटात वेगळा ठेवलाय. खडू अजून आहे.

मी माझी पद्धत मात्र बदलली. आता मी कुणाला 'गुरुवारी दहा ना?' असं विचारत नाही. 'कधी? तू सांग,' म्हणते. माणसं वेळेवर येतात. दातांचे डॉक्टर दिवाळीला मिठाई पाठवतात. गेल्या वर्षी दोना लुसिया कौतुकाने म्हणाल्या, "तू तर अगदी सेउ ओरा झालीस!" आणि कौतुक ऐकून कुणाला इतकं टोचलं नसेल.

ते आता म्हैसूरला नाहीत. गुडघे गेले, तसे दुकान विकून हुणसूरला लेकीकडे राहायला गेले. ओसरीवर एक मशिन टाकलंय. ब्राझीलची मंडळी सव्वा तास सरकारी बसने हुणसूरला जातात, ट्रायल देतात आणि परत येतात. वेळेवर. दर दोन-तीन महिन्यांनी मला त्यांचा निरोप येतो: "अक्का, हुणसूर काय लांब नाही. तुमी म्हणा, कधी येणार?" मी 'या महिन्यात बघते', 'मुलीची परीक्षा झाली की' असं काहीबाही लिहून पाठवायचे. एकदा तर घाईत 'उद्या कळवते' लिहिलं आणि लगेच खोडलं. त्यांनी कधी तक्रार केली नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच विचारलं.

परवा पुन्हा निरोप आला. आवाज थोडा बारीक झालाय. "अक्का, तुमी म्हणा. कधी?"

मी कपाटातून ब्लाउज काढला, उलटा करून मांडीवर घेतला. मग फोन तोंडाशी धरला आणि लिस्बनच्या वकिलाला बाजूला ठेवून त्यांच्यासारखंच म्हटलं, "क्वार्ता. क्वात्रु."

हा निरोप मी तीन वर्षांपूर्वी सोमवारी पोचवायचा होता. त्यांचं उत्तर मिनिटभरात आलं.

"कोंफिर्मादु, अक्का."